वारशात आलेल्या तिकिटांचं मोल कसं काढायचं

टपाल तिकिटांचा अल्बम वारशानं हाती आला, की घरात पहिला शोध सुरू होतो तो गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटाचा. जबलपूरच्या मराठी घरांत तर हे अगदी साहजिक आहे. फेब्रुवारी 1948 मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग इथे तिलवारा घाटावर नर्मदेत विसर्जित झाला. घाटावरचं गांधी स्मारक आजही त्याची साक्ष देतं. त्याच वर्षी 15 ऑगस्टला टपालखात्यानं ‘बापू’ अशी अक्षरं असलेली चार तिकिटं काढली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. तेव्हाच्या कितीतरी माणसांनी ती पत्राला न लावता आठवण म्हणून जपली.

आता त्या संचाबद्दलचा गोंधळ आधी दूर करू. एप्रिल 2017 मध्ये स्टॅन्ली गिबन्स या ब्रिटिश कंपनीनं यातल्या दहा रुपयांच्या चार जोडतिकिटांची पट्टी पाच लाख पौंडांना विकली. ही बातमी तेव्हापासून मोबाइलवर फिरते आहे आणि ‘तुमच्याकडे हे तिकीट असेल तर तुम्ही कोट्यधीश’ असं लोक एकमेकांना सांगतात. पण त्या चार तिकिटांवर ‘सर्व्हिस’ असा इंग्रजी शब्द वरून छापलेला होता. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयाच्या वापरासाठी अगदी मोजकी तिकिटं तशी छापली होती आणि त्यातली फारच थोडी बाहेर आली. तुमच्या अल्बममधलं दहा रुपयांचं तिकीट बहुधा तो शब्द नसलेलं, साधं असणार. तेही मागणी असलेलं तिकीट आहे, कारण 1948 साली दहा रुपये ही मोठी रक्कम होती आणि फार थोड्यांनी ते विकत घेतलं. कोरं, मागचा डिंक शाबूत असलेलं अस्सल तिकीट असेल तर चांगले पैसे येतात. पण ती किंमत घर घेण्याएवढी नसते. शिवाय याच तिकिटाच्या नकला बाजारात भरपूर आहेत आणि खऱ्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ शब्द नंतर छापून फसवण्याचे प्रकारही होतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. आजच्या यंत्रावर छापलेल्या नकलेत चेहऱ्याच्या छटांत निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची जाळी दिसते. मूळ छपाई स्वित्झर्लंडच्या कूर्व्हॉझिए छापखान्यातली आहे. तिच्यात छटा सलग आणि मऊ असतात, असे परके रंग नसतात.

या एका तिकिटात सगळ्या संग्रहाचं गणित आहे. तिकीट किती जुनं, यावर किंमत ठरत नाही. ते किती उरलं, कोणत्या अवस्थेत उरलं आणि ते हवं असणारे लोक किती, यावर ठरते. जगातलं पहिलं टपाल तिकीट म्हणजे 1840 चं ‘पेनी ब्लॅक’. ते पावणेसात कोटींच्या वर छापलं गेलं, म्हणून वापरलेलं ‘पेनी ब्लॅक’ आजही सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात आहे. उलट 1854 मध्ये कलकत्त्यात छापलेल्या चार आण्यांच्या दोनरंगी तिकिटात काही प्रतींवर व्हिक्टोरिया राणीचं डोकं उलटं छापलं गेलं. अशा प्रती जगभरात मोजक्याच उरल्या आहेत आणि ते भारताचं सर्वांत प्रसिद्ध चुकीचं तिकीट ठरलं आहे.

म्हणून पहिले काही दिवस संग्रहाला हात कमी लावा. हे आग्रहानं सांगतो, कारण संग्रहाचं सर्वांत मोठं नुकसान चांगल्या हेतूनं होतं. कुणीतरी उत्साहानं तिकिटं पानांवरून सोडवतं, कोमट पाण्यात भिजवतं, पाकिटांवरची कापून काढतं, जुना विस्कटलेला अल्बम टाकून नव्या प्लॅस्टिकच्या वहीत सगळं नीट लावतं. एवढ्यात निम्मी माहिती जाते. आजोबांनी पानावर पेन्सिलीनं लिहिलेला आकडा, व्यापाऱ्याची पावती, कुणा संग्राहकाचं पत्र, मागच्या बाजूचा एखादा छोटा शिक्का, या सगळ्यांवरून तिकीट कुठून आलं ते कळतं. पानांचा क्रम तसाच ठेवा. आधी मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा. पाकिटं आणि पोस्टकार्डं यांचे मात्र पुढून-मागून दोन्ही फोटो हवेत, कारण पोहोचल्याचा शिक्का मागे असतो.

काम करताना हात कोरडे असू द्या आणि टोकं बोथट असलेला तिकिटांचा चिमटा वापरा. इथे नर्मदाकाठी आषाढ-श्रावणात हवा इतकी ओली असते, की डिंक आपोआप सुटतो आणि तिकीट पानाला चिकटतं. अल्बम उघडायचा तर दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत. चिकटलेलं तिकीट ओढू नका, आहे तसं राहू द्या. जाणकाराला ते पानासकट दाखवता येतं. चिकटपट्टी, फेव्हिकॉल, लोखंडी टाचणी यांना संग्रहाजवळ येऊ देऊ नका.

मग वर्गवारी करा, पण ती कागदावर. तिकिटं हलवायची नाहीत, कुठल्या पानावर काय आहे त्याची यादी करायची. राणीच्या काळापासून 1947 पर्यंतचा ब्रिटिश अंमल, संस्थानांची तिकिटं, स्वातंत्र्यानंतरची, परदेशी, आणि शेवटी पाकिटं-पोस्टकार्डं, एवढे कप्पे पुरतात. हे करताना एक जुना हिशेब लक्षात असू द्या: बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. 1 एप्रिल 1957 पासून नवे पैसे आले, तेव्हा आण्यांतलं तिकीट त्याआधीच्या मालिकेतलं. त्या यादीवरूनच पुढे सगळा विचार करता येईल.

स्वातंत्र्यानंतरच्या तिकिटांबद्दल मन थोडं घट्ट करून सांगावं लागतं. 1961 चं छत्रपती शिवाजी महाराजांचं, 1956 चं लोकमान्य टिळकांचं, 1958 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या शताब्दीला त्यांच्या हयातीत निघालेलं, 1988 चं राणी दुर्गावतीचं, ही तिकिटं आपल्याला प्रिय आहेत. पण ती मोठ्या संख्येनं छापली गेली आणि मोठ्या संख्येनं जपलीही गेली. त्यांचा बाजारभाव बहुधा अगदी कमी निघतो. 1973 नंतरच्या प्रथम दिवस पाकिटांचंही तसंच. घरात एखादी पूर्ण पेटी भरून अशी पाकिटं असतील तर विक्रीतून फार अपेक्षा ठेवू नका. याला अपवाद आहेत: 1947-48 ची पहिली तिकिटं आणि त्यांची त्या दिवसांतली पाकिटं, वेगळा वॉटरमार्क (कागदातच उमटलेली खूण) असलेल्या कागदावर छापलेली तिकिटं, रंग सुटलेली किंवा कडेचे दाते चुकलेली तिकिटं. पण चूक म्हणजे कारखान्यातली चूक. घरी उन्हानं उडालेला रंग ही चूक नव्हे, तो निव्वळ बिघाड.

आता जबलपूरच्या घरांत जे खरं शोधायला हवं, ते सांगतो. या शहरात तोफगाड्यांचा कारखाना 1904 साली सुरू झाला, पुढे खमरियाचा आयुध कारखाना, सिग्नल्सचं केंद्र, छावणी. नागपूर-विदर्भातून नोकरीसाठी आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांत एखादे आजोबा फौजेत किंवा फौजेच्या खात्यात होते. त्यांच्या कागदांत लष्करी टपालाची तिकिटं सापडू शकतात. 1900 पासून चीनला गेलेल्या फौजेसाठी भारतीय तिकिटांवर ‘सी. ई. एफ.’ आणि पहिल्या महायुद्धातल्या फौजेसाठी ‘आय. ई. एफ.’ अशी अक्षरं छापली गेली. 1953 मध्ये कोरियात गेलेल्या भारतीय तुकडीसाठी ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असं देवनागरीत छापलं. 1954 मध्ये लाओस, कंबोडिया, व्हिएतनामसाठी ‘अन्तर्राष्ट्रीय आयोग’ असा मजकूर आला, 1962 मध्ये काँगोसाठी आणि 1965 मध्ये गाझासाठी इंग्रजी अक्षरं. यातली बरीच तिकिटं नुसती स्वस्तात मिळतात. पण तेच तिकीट लावलेलं, फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असलेलं, कोरियाहून जबलपूरला घरी आलेलं साधं पाकीट दिसलं तर ते वेगळं काढून ठेवा. असं पाकीट नुसत्या तिकिटाच्या कितीतरी पट मोलाचं असतं.

हीच गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. वारसांनी अल्बम जपला आणि पत्रांचं गाठोडं रद्दीत घातलं, असं सर्रास होतं. प्रत्यक्षात किंमत बरेचदा त्या गाठोड्यात असते. पाकिटावरचं तिकीट, शिक्क्याचं गाव, तारीख, पोहोचल्याचा शिक्का, लागलेला दर, वाटेत झालेली तपासणी, हे सगळं मिळून एका पत्राचा प्रवास कळतो आणि तो अभ्यासणारे संग्राहक त्यासाठी पैसे मोजतात. जबलपूर तर टपालाच्या नकाशावरचं मोठं नाव. मार्च 1870 मध्ये मुंबईकडून आलेला आणि अलाहाबादकडून आलेला असे दोन लोहमार्ग इथे जोडले गेले, आणि मुंबई-कलकत्ता टपाल या वाटेनं धावू लागलं. रेल्वे टपाल सेवेचे शिक्के, जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं ‘जब्बलपोर’ असं लिहिलेले शिक्के, 1854 पूर्वीची तिकिटाशिवायची घडीपत्रं, या सगळ्याला अभ्यासक आहेत. मुंबईचे जाल कूपर यांनी भारतातल्या सुरुवातीच्या शिक्क्यांचं वर्गीकरण केलं आणि ते आजही वापरात आहे. मार्च 1939 मध्ये तिलवाऱ्याजवळ त्रिपुरी काँग्रेस भरली, सुभाषबाबू तापानं फणफणलेले असतानाही आले. त्या दिवसांतलं इथून गेलेलं एखादं पोस्टकार्ड आणि त्यात अधिवेशनाचा उल्लेख असेल, तर ते तिकिटाच्या जोरावर नव्हे, मजकुराच्या आणि तारखेच्या जोरावर महत्त्वाचं ठरतं. 18 फेब्रुवारी 1911 ला अलाहाबादहून नैनीला विमानानं टपाल गेलं, ते जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल मानलं जातं. त्यावर विमानाच्या चित्राचा खास शिक्का आहे. अलाहाबाद आपल्याच गाडीच्या वाटेवर असल्यामुळे तिथल्या नातेवाइकांनी पाठवलेलं एखादं कार्ड जुन्या पेटीत असणं अशक्य नाही. तेव्हा पेटी तळापर्यंत पाहा.

1971 च्या पाकिटांवरही नजर टाका. बांगलादेशी निर्वासितांच्या मदतीसाठी त्या वर्षी 15 नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लागत होतं. नाशिकची छापील तिकिटं पुरेशी पोहोचेपर्यंत कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर काही ठिकाणी स्थानिक छपाईनं किंवा रबरी शिक्क्यानं ‘रिफ्यूजी रिलीफ’ अशी अक्षरं उमटवली गेली. नाशिकच्या छपाईचं तिकीट विपुल आहे, स्थानिक शिक्क्याचं विरळ. पण रबरी शिक्का बनवणं सोपं असल्यामुळे सुट्या तिकिटावर विश्वास ठेवू नका. त्या काळातल्या तारखेचा टपाल शिक्का बसलेलं पूर्ण पाकीट असेल तरच तो पुरावा म्हणता येईल.

संस्थानांच्या तिकिटांना मराठी घरांत वेगळा जिव्हाळा असतो. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राज्यात ब्रिटिश तिकिटांवर संस्थानाचं नाव देवनागरीत आणि इंग्रजीत छापून ती वापरत. इंदूरच्या होळकरांनी 1886 पासून स्वतःची तिकिटं काढली. आपल्या शेजारच्या बुंदेलखंडातली ओरछा, चरखारी, दतिया, बिजावर यांचीही तिकिटं होती, आणि इकडे सह्याद्रीच्या कुशीतल्या भोरच्या पंतसचिवांनीसुद्धा थोडा काळ काढली. या प्रांतात अवघड गोष्ट अशी, की काही संस्थानांनी तिकिटं पत्रांसाठी कमी आणि संग्राहकांना विकण्यासाठी जास्त छापली. नंतर पुनर्मुद्रणं झाली, नकला झाल्या. म्हणून दतियाचं किंवा चरखारीचं हातानं छापल्यासारखं दिसणारं तिकीट सापडलं तरी लगेच हुरळून जाऊ नये. ते या विषयाच्या माणसाला दाखवल्याशिवाय त्यावर पैसे घेऊ नयेत आणि देऊही नयेत. त्याच पानांत औंध, सांगली, फलटण यांची कोर्ट-फी तिकिटं दिसली तर ती टपालाची नाहीत म्हणून बाजूला फेकू नका. महसुली तिकिटांचे संग्राहक वेगळे आहेत आणि त्यांना ती हवी असतात.

परदेशी तिकिटांवर फार वेळ घालवू नका. चकचकीत चित्रांची, अजमान, फुजैरा, शारजा अशी नावं असलेली 1960-70 च्या दशकातली तिकिटं मुलांसाठी पाकिटांतून विकली जायची. त्यांना किंमत नाही. एकच अपवाद नोंदवतो: चीनची 1960 ते 1980 या काळातली तिकिटं वेगळी ठेवा. 1980 च्या लाल पार्श्वभूमीवरच्या माकडाच्या तिकिटाला आज मोठी मागणी आहे.

यादी झाली की अवस्था तपासा. तिकीट मधोमध छापलेलं आहे का, सगळे दाते शाबूत आहेत का, कागद मागून विरलेला किंवा फाटलेला नाही ना, तपकिरी बुरशीचे डाग नाहीत ना. कोऱ्या तिकिटाच्या मागे डिंक मूळचा आहे का आणि त्यावर हिंज, म्हणजे तिकीट पानावर लावायची छोटी कागदी पट्टी, लावल्याची खूण आहे का, हेही पाहा. एकाच तिकिटाच्या दोन प्रतींत अवस्थेमुळे दहापट फरक पडू शकतो. जॉर्ज पंचमच्या काळातल्या तिकिटांचा वॉटरमार्कही पाहावा लागतो. लंडनच्या छपाईवर एक तारा, 1926 पासून नाशिकच्या छपाईवर अनेक तारे. चित्र एकच, पण तिकिटं वेगळी आणि भावही वेगळे. तिकीट काळ्या पृष्ठभागावर पालथं ठेवून तिरप्या उजेडात पाहिलं, तर बरेचदा तारे दिसतात.

आता किमतीकडे. स्टॅन्ली गिबन्सचा कॅटलॉग आणि कलकत्त्याच्या माणिक जैन यांचं ‘फिला इंडिया’, ही दोन नावं व्यापारी आणि संग्राहक दोघेही घेतात. मोठ्या ग्रंथालयात किंवा एखाद्या संग्राहकाकडे जुनी आवृत्तीही मिळेल. कोणतं तिकीट साधं, कोणतं विरळ, हे कळायला ती पुरते. पण कॅटलॉगमधला आकडा म्हणजे तुम्हाला मिळणारे पैसे, असं धरू नका. तो व्यापारी उत्तम प्रत कोणत्या भावानं विकेल याचा अंदाज असतो. तुम्ही विकणारे आहात, त्यामुळे साध्या तिकिटांसाठी त्याचा चौथा-पाचवा हिस्सा मिळाला तरी तो भाव अन्यायाचा मानू नये. व्यापाऱ्याला ती तिकिटं वर्षानुवर्षं सांभाळून एकेक विकायची असतात. विरळ वस्तूंचं गणित वेगळं, तिथे लिलाव उपयोगी पडतो.

इंटरनेटवर भाव पाहताना मागितलेला भाव आणि झालेला सौदा यांत फरक करा. कुणीही साध्या तिकिटासाठी लाखभर रुपये मागू शकतो. लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर मागच्या लिलावांचे निकाल असतात, ते पाहा. आणि ‘जुनी तिकिटं लाखात विकत घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ अशा संदेशांना उत्तर देऊ नका. खरा खरेदीदार विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही.

मुख्य टपाल कार्यालयातला फिलॅटेलिक ब्यूरो नवी तिकिटं विकतो, जुनी विकत घेत नाही आणि त्यांची किंमतही ठरवून देत नाही. पण तिथे येणारे संग्राहक तुमच्या शहरातले खरे जाणकार असतात, त्यांची ओळख काढा. नागपूर आपल्याला तिलवाऱ्याचा पूल ओलांडला की सरळ रस्त्यावर आहे. तिकडे महाराष्ट्रात महापेक्ससारखी तिकिटांची प्रदर्शनं भरतात आणि तिथे अनेक व्यापारी एका छताखाली भेटतात. किमान तिघांना एकच यादी आणि तेच फोटो दाखवा. एकानं सगळा अल्बम लगेच, आजच, रोखीनं मागितला तर थांबा. आणि कुणाला ‘चांगली चांगली’ तिकिटं निवडून घेऊ देऊ नका. नाहीतर उरलेल्या ढिगाला कुणीच विचारत नाही.

एखादी वस्तू खरोखर मोठी वाटली, म्हणजे जोडीतली, उलट्या छपाईची किंवा ‘सर्व्हिस’ शब्दाची, तर तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र काढावं. लंडनच्या रॉयल फिलॅटेलिक सोसायटीची समिती जगभर मान्य आहे. तिचं शुल्क आणि पाठवण्याचा खर्च लक्षात घेता दहा-वीस हजारांच्या तिकिटासाठी हा खटाटोप परवडत नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर 1972 च्या पुरावशेष कायद्याचे निर्बंध आहेत, तेव्हा काही बाहेर पाठवण्याआधी लिलावगृहाकडून किंवा वकिलाकडून लेखी खात्री करून घ्या. भारतात वारसा कर 1985 पासून नाही. मात्र विक्रीतून मोठी रक्कम आली तर कराबद्दल आपल्या चार्टर्ड अकाउंटंटला विचारा.

भावंडांत वाटणी करायची असेल तर पानं फाडून घेऊ नका. विस्कळीत झालेल्या भागांची बेरीज पूर्ण संग्रहाएवढी कधीच होत नाही. फोटोंची यादी सगळ्यांकडे असू द्या, संग्रह एकाकडे राहू द्या, विक्रीचा निर्णय आणि हिस्से लेखी ठरवा. दोन-तीन वस्तूंनाच खरी किंमत असेल तर त्या विकून बाकीचा अल्बम ज्याला त्यात रस आहे त्यानं ठेवावा, हा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो. आणि ज्या साध्या तिकिटांचे पैसे येणार नाहीत, ती रद्दीत घालू नका. टपालखात्याची ‘दीनदयाळ स्पर्श’ शिष्यवृत्ती सहावी ते नववीच्या तिकीटप्रेमी मुलांना मिळते आणि त्यासाठी शाळांमध्ये तिकीट मंडळं चालतात. आपल्या भागातल्या अशा एखाद्या शाळेला विचारा. पाचशे साधी तिकिटं त्या मुलांच्या फार कामाची असतात.